घरी चालणारा प्रोग्राम प्रयोगशाळेत का अडतो? प्रोग्रामिंगच्या अभ्यासक्रमासाठी संगणकाची तयारी

सी भाषेत ८ चे फॅक्टोरिअल, म्हणजे १ ते ८ या संख्यांचा गुणाकार, काढणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि उत्तर साठवण्यासाठी साधा 'इंट' हा पूर्णांकाचा प्रकार वापरला, तर आजच्या जीसीसी या कंपाइलरवर (लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ४०३२० हे अपेक्षित उत्तर मिळते. तोच प्रोग्राम एक अक्षरही न बदलता टर्बो सी या जुन्या कंपाइलरमध्ये चालवला, तर पडद्यावर उणे २५२१६ ही संख्या उमटते. यात कोणताही कंपाइलर बिघडलेला नसतो. टर्बो सी १६ बिटांच्या डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनलेला असल्याने त्याचा 'इंट' २ बाइटांचा आहे आणि त्यात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जीसीसीचा 'इंट' आजच्या नेहमीच्या संगणकांवर ४ बाइटांचा असतो. सी भाषेचे मानक 'इंट' किमान १६ बिटांचा असावा एवढीच अट घालते आणि पुढचा निर्णय कंपाइलरवर सोपवते. अर्थात जीसीसीवरही १३ चे फॅक्टोरिअल काढायला गेल्यास हाच घोटाळा होतो, फक्त तो थोडा उशिरा दिसतो.

विद्यार्थ्याने लिहिलेल्या मजकुराइतकाच वाटा कंपाइलर, त्याची आवृत्ती, त्याला दिलेले पर्याय, लायब्ररी, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर यांचाही प्रोग्रामच्या वागण्यात असतो. म्हणून अभ्यासक्रम सुरू होताना 'कोणता लॅपटॉप घ्यावा' किंवा 'सगळ्यात चांगला एडिटर कोणता' हे प्रश्न नंतर विचारले तरी चालतात. आधी हे माहीत हवे की आपला प्रोग्राम शेवटी कोणत्या यंत्रावर तपासला जाणार आहे. तो प्रयोगशाळेतील संगणक असेल, विभागाचा सर्व्हर असेल किंवा आपोआप गुण देणारी एखादी तपासणी प्रणाली असेल. त्या यंत्रावरची ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेची आवृत्ती आणि कंपाइलरला दिले जाणारे पर्याय अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात सहसा दिलेले असतात. नसतील तर पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना विचारून घ्यावेत. घरची सारी जुळवाजुळव त्या यंत्राला समोर ठेवून करायची असते, आणि घरचा संगणक त्याच्यापेक्षा अद्ययावत असणे हा लाभ नसून अनेकदा अडचणच ठरते.

एडिटर वेगळा, कंपाइलर वेगळा

नवख्या विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ या दोहोंत होतो. २०१५ मध्ये आलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा मुळात एडिटर आहे. त्यात सी किंवा जावाचा कंपाइलर येत नाही, तो स्वतंत्रपणे बसवावा लागतो. एडिटर फक्त त्याला हाक मारतो आणि त्याने दिलेला मजकूर खालच्या चौकटीत दाखवतो. एक्स्टेंशन बसवले की रंगीत अक्षरे आणि सूचना दिसू लागतात, त्यामुळे सगळे जागेवर असल्याचा भास होतो आणि प्रोग्राम चालवायला गेल्यावर कंपाइलर सापडत नसल्याचा निरोप येतो. कोड ब्लॉक्ससारख्या तयार संचातही हाच भेद लपलेला आहे. विंडोजसाठी त्याची कंपाइलरविना आणि मिनजीडब्ल्यू कंपाइलरसह अशी वेगवेगळी डाउनलोड असतात, आणि आकार लहान म्हणून पहिली निवडणारा अडकतो.

हा भेद पक्का होण्यासाठी पहिले काही आठवडे तरी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, स्वतः कमांड लिहून प्रोग्राम कंपाइल करावा आणि चालवावा, असे माझे मत आहे. हिरव्या त्रिकोणावर क्लिक करणे सोयीचे आहे यात शंका नाही, पण ते बटण आपल्या वतीने नेमके काय करते हे ठाऊक नसेल, तर ते काम करेनासे झाल्यावर हातात काहीच उरत नाही. शिवाय तपासणीच्या यंत्रावर ते बटण नसते.

पाथ

सेटअपमधल्या तक्रारींचा मोठा हिस्सा 'पाथ' या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. टर्मिनलमध्ये आपण 'जीसीसी' किंवा 'पायथॉन' असे नाव टाइप करतो, तेव्हा संगणक त्या नावाची फाइल संपूर्ण डिस्कवर शोधत बसत नाही. त्याच्याजवळ फोल्डरांची एक ठरावीक यादी असते. तीत तो क्रमाने पाहत जातो आणि त्या नावाची पहिली फाइल सापडताच ती चालवून मोकळा होतो. हीच यादी म्हणजे पाथ.

एवढे समजले की बरीच कोडी आपोआप सुटतात. कंपाइलर बसवलेला असूनही 'कमांड ओळखता आली नाही' असे उत्तर येते, कारण त्याचा फोल्डर यादीत नसतो. नवी आवृत्ती बसवूनही जुनीच चालते, कारण जुनीचा फोल्डर यादीत वर असतो. पाथ दुरुस्त करूनही फरक पडत नाही, कारण आधीच उघडलेल्या टर्मिनलने जुनी यादी धरून ठेवलेली असते आणि तो बंद करून नवा उघडावा लागतो. पायथॉन न बसवलेल्या विंडोज संगणकावर 'पायथॉन' टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते, तेही याच यादीत विंडोजने त्या नावाची एक पोकळ फाइल आधीच ठेवलेली असल्यामुळे. नेमकी कोणती फाइल चालते आहे हे पाहण्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर' आणि लिनक्स किंवा मॅकवर 'विच' ही कमांड आहे. कोणतीही दुरुस्ती करण्याआधी हिचे उत्तर पाहावे.

याच नियमाचा एक गमतीदार परिणाम लिनक्सवर नव्याने आलेल्यांना भेटतो. विंडोजचा जुना कमांड प्रॉम्प्ट चालू फोल्डरमध्ये आधी शोधतो, लिनक्सचे शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, तसे करत नाही. म्हणून तेथे स्वतःचा प्रोग्राम चालवताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते. एखाद्याने आपल्या प्रोग्रामला 'टेस्ट' असे नाव दिले आणि फक्त तेवढेच टाइप केले, तर शेलमध्ये आधीपासून असलेली त्याच नावाची कमांड चालते. ती पडद्यावर काहीच छापत नाही आणि विद्यार्थी आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. पायथॉनमध्येही याच जातीचा पेच आहे. आपल्या फाइलला 'रँडम' असे नाव दिले की पायथॉन स्वतःच्या रँडम मॉड्यूलऐवजी आपलीच फाइल उचलतो.

घर आणि प्रयोगशाळा यांच्यातले अंतर

घरी विंडोज आणि तपासणीच्या ठिकाणी लिनक्स, ही सर्वांत नेहमीची परिस्थिती. यावर सध्या सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे विंडोजमध्येच मिळणारी डब्ल्यूएसएल ही सोय. तिची पहिली आवृत्ती २०१६ मध्ये आली. २०१९ मधल्या दुसऱ्या आवृत्तीपासून विंडोजच्या आत एका हलक्या आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकात) खरेखुरे लिनक्स कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, चालते. त्यामुळे उबुंटूसारखी प्रणाली, तिचा जीसीसी, डीबगर आणि इतर साधने वेगळा संगणक न घेता मिळतात. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे संगणकाच्या फर्मवेअरमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावे लागते, नाहीतर ती सुरूच होत नाही. दुसरी म्हणजे कामाच्या फाइली लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवाव्यात. विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून वापरल्या तर प्रत्येक फाइलसाठी दोन प्रणालींमध्ये देवाणघेवाण होते आणि काम जाणवण्याइतके मंदावते.

व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरवर पूर्ण आभासी यंत्र उभारणे हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. ऑपरेटिंग सिस्टिम किंवा नेटवर्क सुरक्षा शिकवणाऱ्या विषयांत, जिथे कर्नल बदलायचा असतो किंवा यंत्रणा मुद्दाम मोडून पाहायची असते, तिथे त्याला तोड नाही. मोडण्याआधी स्नॅपशॉट घेतला की पूर्वस्थितीला परत येता येते. त्याची किंमत मेमरीच्या रूपाने मोजावी लागते. ८ जीबी रॅम असलेल्या संगणकावर आभासी यंत्राला ४ जीबी दिले की ब्राउझर आणि एडिटर यांची ओढाताण सुरू होते, १६ जीबीवर दोन्ही सुखाने नांदतात. प्रोग्राम त्याला लागणाऱ्या साऱ्या साधनांसह एका संचात बांधून चालवणारा, २०१३ मध्ये आलेला डॉकर याहून हलका आहे, आणि विभागाने तपासणीसाठी वापरली जाणारी इमेजच, म्हणजे असा तयार संच, विद्यार्थ्यांना दिली असेल, तर घर आणि तपासणी यांच्यातला फरक जवळजवळ मिटतो. पण पहिल्या सत्रातल्या विद्यार्थ्याने स्वतःहून डॉकर शिकायला बसावे, असे मला वाटत नाही. त्या वेळी शिकायच्या इतर गोष्टी पुष्कळ असतात.

मॅक वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना आवश्यक आहेत. मॅकवर ॲपलची साधने बसवल्यावर 'जीसीसी' ही कमांड चालते खरी, पण त्या नावामागे प्रत्यक्षात क्लँग हा वेगळा कंपाइलर असतो, आणि त्याचे इशारे व काही बारीक वर्तन जीसीसीपेक्षा निराळे असते. २०२० पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक एआरएम जातीच्या प्रोसेसरचे आहेत, नेहमीच्या विंडोज संगणकांतल्या एक्स८६ जातीचे नाहीत. एक्स८६ असेंब्ली शिकवणारा विषय किंवा विभागाने एक्स८६ साठी तयार करून दिलेले आभासी यंत्र त्यांवर थेट चालत नाही. क्यूईएमयूसारख्या साधनाने नक्कल करून चालवता येते, पण ते संथ असते. अशा वेळी प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याची सोय) वापरून काम करणे शहाणपणाचे. एडिटर आपल्या संगणकावर, कंपाइलर आणि फाइली सर्व्हरवर, अशी रचना आजचे बहुतेक एडिटर सहज करून देतात आणि त्यासाठी जुना, कमी ताकदीचा लॅपटॉपही पुरतो.

फाइलींच्या नावांतही सापळे आहेत. विंडोज आणि मॅक नेहमीच्या मांडणीत रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानत नाहीत, लिनक्स मानतो. कोडमध्ये 'स्टॅक' या हेडर फाइलचे नाव मोठ्या अक्षराने आणि प्रत्यक्ष फाइलीचे लहान अक्षराने लिहिले असेल, तर घरी काहीही बिनसत नाही आणि लिनक्सवर फाइल सापडतच नाही. विंडोजवर खात्याचे नाव देवनागरीत किंवा मधे मोकळी जागा सोडून ठेवले असेल, तर ते प्रत्येक फाइलीच्या मार्गात येते आणि काही जुनी साधने त्यावर अडखळतात. म्हणून प्रोग्रामिंगच्या कामासाठी ड्राइव्हच्या मुळाशी रोमन लिपीत छोट्या नावाचा फोल्डर करणे बरे. मजकुराच्या फाइलींबाबतही सावध असावे. विंडोजवर पायथॉनच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्या फाइल उघडताना यूटीएफ-८ ही देवनागरीसह सर्व लिप्या साठवणारी पद्धत गृहीत धरत नाहीत, त्यामुळे देवनागरी मजकूर असलेली फाइल वाचताना एरर येते किंवा अक्षरांचा चिवडा होतो. फाइल उघडतानाच यूटीएफ-८ असा स्पष्ट उल्लेख केला की प्रश्न मिटतो.

भाषेनुसार बदलणारी पथ्ये

पायथॉनमध्ये प्रत्येक विषयासाठी किंवा प्रकल्पासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लायब्ररींचा वेगळा फोल्डर, करावे. त्यासाठीचे 'व्हीएन्व्ह' हे मॉड्यूल २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून पायथॉनसोबतच येते. त्यामुळे एका विषयाला नमपाय या लायब्ररीची जुनी आवृत्ती आणि दुसऱ्याला नवी हवी असली तरी त्या एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. उबुंटू आणि डेबियनच्या अलीकडच्या आवृत्त्या तर मूळ पायथॉनमध्ये पिप या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने काही बसवू देण्यास नकार देतात. अनेकांना हा अडथळा वाटतो आणि ते इंटरनेटवर सापडलेला सक्तीचा पर्याय वापरतात. त्या पर्यायाच्या नावातच 'सिस्टिमची पॅकेजेस मोडा' असे शब्द आहेत, एवढ्यावरून काय ते समजावे. पिप स्वतंत्रपणे चालवण्याऐवजी 'पायथॉन'पुढे 'एम' पर्याय देऊन त्यामार्फत चालवला, तर लायब्ररी नेमक्या त्याच पायथॉनमध्ये बसते आणि 'बसवले तरी सापडत नाही' ही तक्रार राहत नाही. ज्युपिटर नोटबुकमध्ये काम करणाऱ्यांनी सादर करण्यापूर्वी कर्नल (इथे नोटबुकचा कोड चालवणारी पायथॉनची प्रक्रिया) नव्याने सुरू करून सगळे कप्पे वरून खाली एकदा चालवावेत. पुसून टाकलेल्या कप्प्यातला चल मेमरीत शिल्लक असतो आणि तोवर सगळे ठीक असल्याचे भासते.

जावामध्ये जेडीके या कंपाइलरसह येणाऱ्या संचाची आवृत्ती जुळवणे हे मुख्य काम आहे. जावा २१ ने कंपाइल केलेली क्लास फाइल जावा १७ वर चालत नाही आणि एररमध्ये ६५ व ६१ असे आकडे दिसतात. त्यांतून ४४ वजा केले की २१ आणि १७ मिळतात, म्हणजे फाइल कशाने बनली आणि यंत्राला कुठपर्यंतचे कळते ते समजते. घरी नवे जेडीके ठेवायचेच असेल, तर कंपाइलरला 'रिलीज' हा पर्याय देऊन जुन्या आवृत्तीसाठी फाइल बनवता येते.

सी आणि सी++ मध्ये हा विषय सर्वांत गंभीर होतो. दहा घरांच्या ॲरेमध्ये लूप चुकून अकराव्या घरापर्यंत गेला, किंवा बेरजेच्या चलाला सुरुवातीला शून्य दिलेच नाही, तर पुढे काय होईल याची कोणतीही हमी भाषेचे मानक देत नाही. घरच्या संगणकावर त्या जागी योगायोगाने शून्य असते किंवा शेजारची मेमरी रिकामी असते, आणि उत्तर बरोबर येते. प्रयोगशाळेत कंपाइलरची आवृत्ती किंवा ऑप्टिमायझेशनचा स्तर वेगळा असतो, मेमरीची मांडणी बदलते आणि तोच प्रोग्राम 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणून कोसळतो. विद्यार्थ्याच्या नजरेत प्रयोगशाळेचा संगणक दोषी ठरतो, वास्तविक त्याने घरी दडलेला दोष उघड केलेला असतो. जुन्या काळी अशा चुका शोधण्यात दिवस जात. आता कंपाइलरच मदतीला आहे. 'वॉल' आणि 'डब्ल्यूएक्स्ट्रा' हे इशाऱ्यांचे पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवावेत, अभ्यासक्रमात सांगितलेले भाषेचे मानक, उदाहरणार्थ सी११, स्पष्टपणे द्यावे, आणि सरावाच्या वेळी ॲड्रेस सॅनिटायझर जोडावा. ॲरेच्या सीमेबाहेर पाऊल पडताच तो प्रोग्राम थांबवतो, आणि डीबगची माहिती ठेवून कंपाइल केले असेल तर चुकीच्या ओळीचा क्रमांकही सांगतो. प्रारंभिक किंमत न दिलेल्या चलांसाठी तो उपयोगी नाही. तिथे कंपाइलरचे इशारे आणि व्हॅलग्रिंड हे मेमरीचा वापर तपासणारे साधन कामी येतात. मिनजीडब्ल्यूच्या जीसीसीत सॅनिटायझरची सोय सहसा नसते, आणि विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल वापरावे या माझ्या आग्रहाचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

फाइलींची ने-आण

पेन ड्राइव्हवर 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम खरेच' अशा नावांचे फोल्डर साठू लागले की गिट शिकण्याची वेळ झाली असे समजावे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी तयार केलेले हे साधन विद्यार्थ्याला दुहेरी उपयोगाचे आहे: कालपर्यंत चालणारा कोड आज कशाने मोडला ते दाखवते आणि घर व प्रयोगशाळा यांच्यात एकच प्रत फिरती ठेवते. अनेक प्रयोगशाळांत संगणक पुन्हा सुरू होताच डिस्क मूळ स्थितीला परत जाते, त्यामुळे तिथे डेस्कटॉपवर ठेवलेले काम दुसऱ्या दिवशी सापडेल या भरवशावर राहू नये. गृहपाठाची रिपॉझिटरी, म्हणजे गिट सांभाळत असलेला फोल्डर, खाजगी ठेवावी, कारण उघड्या रिपॉझिटरीतून कोणी उत्तर उचलले तर खुलासा दोघांनाही द्यावा लागू शकतो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर आणि कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइली गिटमध्ये टाकू नयेत. लायब्ररींची नावे आणि आवृत्त्या लिहिलेली एक छोटी फाइल पुरते. रिपॉझिटरी वनड्राइव्हसारख्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्येही ठेवू नये, कारण गिटच्या आतल्या शेकडो बारीक फाइली लिहिल्या जात असतानाच त्यांची नक्कल होऊ लागते आणि दोन्ही यंत्रणा एकमेकींच्या पायात येतात.

ओळ संपल्याची खूण हाही या ने-आणीतला एक छुपा उपद्रव आहे. विंडोज त्यासाठी दोन चिन्हे वापरते, लिनक्स एक. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की ते जादा चिन्ह पहिल्या ओळीतल्या इंटरप्रिटरच्या नावाला चिकटते आणि 'असा इंटरप्रिटर नाही' असे उत्तर येते, डोळ्यांना मात्र फाइल निर्दोष दिसते. एडिटरच्या खालच्या पट्टीत ही खूण बदलता येते, आणि रिपॉझिटरीत गिटला तसा नियम एकदा लिहून ठेवला की पुन्हा लक्ष घालावे लागत नाही.

सामायिक संगणकावर गिटचा पासवर्ड किंवा टोकन साठवून ठेवू नये, आणि एसएसएचची खाजगी किल्ली तर तिथे नेऊच नये.

सादर करण्यापूर्वी आणि अडल्यावर

मुदतीच्या दोन दिवस आधी, शक्यतो तपासणीच्याच यंत्रावर, एका रिकाम्या फोल्डरमध्ये रिपॉझिटरीची नवी प्रत घ्यावी आणि माहितीपत्रकात दिलेल्या कमांडने प्रोग्राम मुळापासून कंपाइल करून चालवावा. एखादी फाइल गिटमध्ये टाकायची राहिली असेल, कोडमध्ये आपल्या घरच्या डेस्कटॉपचा पूर्ण मार्ग लिहिलेला असेल, किंवा एखादी लायब्ररी फक्त आपल्याच संगणकावर असेल, तर ते याच वेळी उघडकीस येते. सत्र चालू असताना कंपाइलर, पायथॉन किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी आवृत्ती बदलू नये. सुरक्षेचे अद्यतन घ्यावे, बाकीचे परीक्षेनंतर.

इतके करूनही अडले, तर एररचा मजकूर खालून वाचायचा की वरून, हे भाषेवर अवलंबून असते. सीच्या कंपाइलरने तीस चुका दाखवल्या तरी बहुधा पहिलीच खरी असते आणि उरलेल्या तिच्यातून उपजलेल्या असतात, तर पायथॉनच्या ट्रेसबॅकमध्ये मुख्य गोष्ट सर्वांत शेवटच्या ओळीत असते. प्रयोगशाळेतल्या सहायकाला किंवा मित्राला विचारताना मोबाइलने काढलेल्या पडद्याच्या तिरक्या फोटोऐवजी तो मजकूर जसाच्या तसा, दिलेल्या कमांडसह पाठवावा. सोबत ऑपरेटिंग सिस्टिम व कंपाइलरची आवृत्ती आणि 'विच' किंवा 'व्हेअर'चे उत्तर जोडले, तर सांगणाऱ्याला आपल्या संगणकासमोर बसण्याची गरज सहसा पडत नाही.